पंचाक्षरींच्या भुवया

गौसने हात वर केला.

काचेपलीकडच्या पंचाक्षरींनी मान हलवली, कागदावर एक टिंब मांडलं आणि पुन्हा यंत्रावर हात ठेवला. त्यांचं बोट यंत्राच्या कडेआड होतं, ते दिसायची सोय नव्हती. पण गौसला बोटाची गरजच नव्हती. बटण दाबलं की पंचाक्षरींच्या दोन्ही भुवया आपोआप वर जात, लहान मुलाला भरवताना आईचं तोंड उघडतं तशा. भुवया वर गेल्या की गौसचा हात वर. भुवया खाली, हात खाली. कानांवर चढवलेल्या हेडफोनमध्ये म्हणे शिट्टी वाजत होती, आधी मोठी, मग बारीक, मग त्याहून बारीक. पहिल्या दोन सोडल्या तर गौसला त्यातली एकही ऐकू आली नाही.

"कान एकदम नंबर वन," दार उघडून पंचाक्षरी म्हणाले. "छप्पन्न वयाला असले कान मी बघितले न्हाईत बगा."

गौसने ते त्यांच्या ओठांवरून वाचलं, "मेहरबानी" म्हणाला आणि गाडीच्या तीन पायऱ्या उतरला. चोरी पचल्याचा आनंद आणि चोरी केल्याची लाज, दोन्ही एकदमच मनात होती.

कानतपासणीची ही गाडी चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली लावली होती. वयाने मोठा म्हणून गौसचा नंबर पहिला. मागे एक्केचाळीस माणसांची रांग. रांगेच्या पुढच्या भागात सूत गुंडाळायच्या कांडी मशिनवरची श्रीदेवी होती. तिने पंधरा हातांवरून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं,

"कसं हाय?"

गौसनेही नुसते ओठ हलवले.

"यंत्राकडं बघू नको. भुवया बघ."

श्रीदेवीने मान मागे वळवली. तिच्या मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. पाच मिनिटांत भुवया रांगेच्या शेपटापर्यंत पोचल्या. गाडीशेजारी फाइल घेऊन उभ्या असलेल्या, पुण्याहून आलेल्या अधिकारी संस्कृतीला यातलं काही ऐकू आलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. तिला दिसली ती शिस्तीत, गप्प उभी असलेली माणसं. कामगारांमध्ये शिस्त चांगली, अशी तिने नोंदसुद्धा केली.

कारखान्यातल्या शेडमध्ये छत्तीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, आणि ते चालू झाले की माणसाचा आवाज त्याच्या स्वतःच्या हनुवटीपर्यंतही पोचत नसे. त्यामुळे शेडमधलं सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी चाले. दोन बोटं पिळली की धागा तुटला. मुठीवर अंगठा ठेवला की चहा आला. बाकीचं, म्हणजे कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाच्या सासूने काय केलं, हे ओठांवर. शेडच्या या टोकाची भानगड त्या टोकाला जायला अर्धं मिनिट लागे. तोंड उघडून ओरडणारा माणूस नवखा समजला जाई. माणसं हे इतकी वर्षं करत होती, की ओठ वाचता येणं म्हणजे ऐकू न येणं, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. निदान तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं.

गौस या शेडचा जॉबर. लूम दुरुस्त करणारा, आणि नुसता दुरुस्त करणारा नव्हे. गौस लूमजवळून चालत गेला की नुसत्या आवाजावरून सांगतो काय बिघडलंय, अशी त्याची ख्याती होती. शेजारच्या कारखान्यांतूनही त्याला बोलावणं येई. एकेकाळी ते खरंही होतं. मग आठेक वर्षांपूर्वी आवाज हळूहळू लांब जायला लागले. गौसने कुणाला काही सांगितलं नाही. तो लूमच्या अंगावर तळवा टेकवायला लागला. लूम थरथरतो कसा, कुठे अडतो, कुठे उगाच उसळी मारतो, हे तळव्याला कळे. बिघाडाचं निदान अजूनही बरोबर यायचं. लोक म्हणायचे, गौसचा कान तो गौसचा कान. गौस ते त्यांच्या ओठांवरून वाचायचा आणि मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय.

गाडी येण्याच्या आदल्या आठवड्यात मालक मैनुद्दीनशेठ यांनी सगळ्यांना आवारात गोळा केलं होतं. पेन्शनचा पैसा गुंतवणारा सरकारचा एक निधी होता, तो या कारखान्यात भाग घ्यायचा विचार करत होता. नवी शेड, नवे लूम. जुने छत्तीस आणखी दोन वर्षं काढतील की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. पैसे आले नाहीत तर अर्धे लूम भंगारात आणि अर्धी माणसं घरी, हे शेठनी गुळमुळीत न बोलता सांगून टाकलं होतं.

"हे काय कर्ज न्हाय. सरकार आपलं भागीदार हुणार," शेठ म्हणाले होते. "पन ही लोकं नफा बघायच्या आधी मानसं बघत्यात. पानी कुटं सोडता, बायकांना पगार किती, मानसांचे कान, डोळे, छाती कशी हाय. सगळं तपासनार. तवा जरा नीट."

त्या 'जरा नीट'चा अर्थ बेचाळीस जणांनी आपापल्या परीने लावला आणि तो एकच निघाला. ही मेडिकल आहे. मेडिकल पास व्हायची असते.

*

संध्याकाळी घरी बायकोने, जुलेखाने, ताट पुढे ठेवलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. गौस समोर बसला तसं तिने टीव्हीचं बटण दाबून त्याचा आवाज निम्म्यावर आणला. गौसला फरक कळला नाही, पण तिचा हात दिसला.

"मोहल्ले को सुनाते क्या जी बातम्या?" जुलेखा म्हणाली. त्याच्याशी बोलताना ती नेहमी समोर येऊन, तोंड उजेडात ठेवून बोले. असं का करतेस, हे त्याने तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

"पास झालो," गौस म्हणाला.

"कशात?"

"कानांत."

जुलेखाने हातातला पाण्याचा तांब्या ताटाशी ठेवला. मग खाली बसली.

"कसे काय?"

गौसने भुवया वर करून दाखवल्या. मग हात वर केला. मग पुन्हा भुवया. तिसऱ्या वेळी जुलेखाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. गौसही हसला.

"आणि सगळ्यांना शिकवलंत?"

"सगळ्यांना गरज होती की नाही ठाऊक नाही. पण विचारायला सगळेच आले. जो तो म्हणे, माझे कान चांगलेच हायत, उगाच विचारतो."

हसणं ओसरलं तशी जुलेखा म्हणाली, "सांगून टाका शेठना. आठ वर्षं झाली."

"आणि बिरप्पासारखा गेटवर बसू?"

बिरप्पा पलीकडच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यातला जॉबर. त्याचे कान गेल्याचं मालकाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिट्टी देऊन गेटवर बसवलं. पगार निम्मा. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत आणि शेवटी खाली उतरून त्याच्या खांद्याला हात लावत. लोक हसायचे. गौस कधी हसला नाही.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, हे त्याला आठवत होतं. तो आवाज त्याला फार आवडायचा. आता भाकरी बोटांखाली नुसतीच तुटायची. जुलेखाने ते पाहिलं आणि उगाचच आणखी चटणी वाढली.

*

आठ दिवसांनी संस्कृती परत आली. सोबत पंचाक्षरी होते, आणि त्यांची गाडीही होती. शेठनी गौसला आणि श्रीदेवीला ऑफिसात बोलावलं. ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये भिंतभर जाड काच होती. काचेपलीकडे छत्तीस लूम चालू होते आणि लूमवर एकाचंही लक्ष नव्हतं. सगळे ऑफिसातल्या ओठांकडे बघत होते.

संस्कृतीने खुर्ची पुढे ओढली. ती मूळची माळशिरसची, नोकरीला पुण्यात, निधीच्या ऑफिसात. आवाज चढवायची तिला सवय नव्हती.

"बेचाळीस जणांची तपासणी झाली. एक्केचाळीस जणांचे कान उत्तम आहेत. उत्तम म्हणजे, शाळेतल्या पोरांचे असतात त्याहून चांगले. एकट्या ज्ञानबांना कमी ऐकू येतं."

ज्ञानबा स्टोअर सांभाळायचा. त्याची खोली आवाराच्या पार टोकाला, कारखान्यातली सगळ्यात शांत. शेडमध्ये तो पाय ठेवत नसे, त्यामुळे ओठांवरचं बोलणं त्याला कधी जमलं नाही. रांगेत तो सगळ्यात शेवटी होता. त्याला भुवयांचं सांगायचं तर तोंडाने सांगावं लागलं असतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"मी या शेडमध्ये दहा मिनिटं उभी होते," संस्कृती म्हणाली. "रात्रीपर्यंत माझे कान गुणगुणत होते. आणि तिथे वीस-वीस वर्षं काम करणाऱ्यांना टाचणी पडलेली ऐकू येते. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, हे कसं? यंत्र तपासलं, ते ठीक आहे. मग राहिलं एकच. कुणीतरी कागदावर टिंबं मनाने मांडली."

पंचाक्षरी एकदम उभे राहिले.

"मॅडम, बावीस वर्षं ह्या यंत्रावर हाय मी. माझ्या हातनं एक टिंब खोटं पडलेलं न्हाय."

"मग ती कुणाच्या सांगण्यावरून मांडली, असंही विचारतात," संस्कृती हळू म्हणाली आणि तिने मैनुद्दीनशेठकडे पाहिलं.

शेठ तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. त्यांना कळायला क्षणभर लागला, मग कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"मी? मी ह्यांना चहासुदा पाजला न्हाय त्या दिवशी. तेबी ह्यांनीच नको म्हनलं म्हनून."

"मला तुमच्यावर शंका घ्यायची नाही शेठ. पण उद्या समितीची बैठक आहे. हा पैसा शिक्षकांचा आहे, नर्सबाईंचा आहे, म्हातारपणासाठी ठेवलेला. तो वाढवायचा आहेच. पण जिथले आकडे खोटे, तिथे निधी पैसे घालत नाही. मला 'नाही' असं लिहावं लागेल."

पंचाक्षरी खाली बसले होते आणि चष्मा काढून उगाच पुसत होते. बावीस वर्षं एका यंत्रावर काढलेला माणूस असा चष्मा पुसतो तेव्हा बघणाऱ्याला कसंतरी होतं. गौसला फार कसंतरी झालं. त्याने काचेपलीकडे पाहिलं. शेडभर चेहरे त्याच्याकडे लागले होते. श्रीदेवीने, संस्कृतीला दिसू नये अशी मान वळवून, ओठांनी सांगितलं, "गप राव्हा गौसभाई."

गप राहिलं तर कान वाचत होते. गौसचा कान ही ख्याती वाचत होती. बाकी काहीच वाचत नव्हतं. नवी शेड नाही, शेठची अब्रू नाही, या बापड्याची बावीस वर्षं नाहीत.

"मला ऐकू येत न्हाय," गौस म्हणाला.

आवाज किती मोठा निघाला, याचा त्याला अंदाज नव्हता. पंचाक्षरी दचकले त्यावरून बराच मोठा निघाला असावा.

"आठ वर्षं झाली. ह्यांची काय चूक न्हाय, यंत्राचीबी न्हाय. ह्यांच्या भुवया."

"भुवया?" संस्कृती म्हणाली.

"बटन दाबलं की ह्यांच्या भुवया वर जात्यात. त्या बघून मी हात वर केला. मग सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी भुवया बघून हात वर केला."

पंचाक्षरींचा हात आपसूक कपाळावर गेला. त्यांनी एक भुवई चाचपली, मग दुसरी, जणू त्या चेहऱ्यावर कधी आल्या हे त्यांना आजच कळत होतं. संस्कृतीने फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलायला लागली. अधिकारी माणसाने असं हसू नये, हे तिला माहीत असावं, पण तिचा इलाज नव्हता. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि श्रीदेवीकडे वळली.

"तुम्हीसुद्धा?"

"माजा उजवा चांगला हाय की," श्रीदेवी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "डाव्यापेक्षा."

"पण का केलंत असं?"

उत्तर गौसने दिलं. "मेडिकल फेल झाली तर पोलिसात घेत न्हाईत, रेल्वेत घेत न्हाईत. आमी म्हनलं, बेचाळीस मानसं बहिरी निगाली तर सरकार कशाला पैसे देतंय?"

"अहो, फेल करायला आलंय कोण!" संस्कृती म्हणाली, आणि तिच्या तोंडात माळशिरस आलं. "कान किती गेल्यात ते मोजायलाच तर आलो आमी. निधीच्या पैशातनं आधी तेच थांबवायचं. कमी आवाजाचे लूम, कानांत घालायची बोंडं, शेडमधून आळीपाळीने बाहेरचं काम. आणि ज्याचे कान गेले त्याला काढायचं नाही, त्याचा पगार कमी करायचा नाही, ही आमची अट आहे. पहिल्याच पानावर लिहिलीय."

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं.

"वाचलं हुतं मी पैलं पान," शेठ ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, लिवायचं म्हनून लिवलं आसंल."

गौसला अजून एक विचारायचं होतं. आठ वर्षं जे पोटात होतं ते एकदा बाहेर पडायला लागल्यावर थांबेना.

"मग मला गेटवर न्हाई बसवनार?"

"तुला? गेटवर?" शेठ खुर्चीतून उठले. "आरं येड्या, तू लूमवर हात टेकवून वळखतोस, हे काय मला दिसत न्हाय व्हय? कधीचं ठावं हाय मला. कानानं वळखनारा मानूस मान तिरकी करतो. तू तळवा टेकवतोस."

गौसने आपला तळवा उलटा करून पाहिला. शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच मारली. काचेपलीकडे शेडमध्ये एकाने दोन्ही हात वर केले, मग दुसऱ्याने. टाळ्या वाजवत असावेत. लूमच्या दणदणाटात त्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत आणि सगळ्यांना दिसल्या.

*

तपासणी त्याच दुपारी पुन्हा घ्यायची ठरली. पंचाक्षरींनी भुवयांवर रुमाल बांधायची तयारी दाखवली. खुर्ची फिरवली की पुरे, असं संस्कृतीने सांगितलं. मग गाडीतल्या खोलीतली खुर्ची फिरवली. आता बसणाऱ्याची पाठ पंचाक्षरींकडे आणि तोंड दाराकडे. दाराला हातभर काच होती, तिच्यातून बाहेरचं लिंबाचं झाड दिसे.

या वेळीही गौस पहिला बसला. शिट्टी दोनदा ऐकू आली, दोनदा हात वर केला. बाकी वेळ लिंबाकडे बघत स्वस्थ बसला. किती वर्षांनी तो असा काही न ऐकता, काही न वाचता बसला होता! बाहेर आल्यावर पंचाक्षरींनी कागद दाखवला. टिंबं पार तळाला गेली होती. गौसला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण या वेळी पायऱ्या त्याने ताठ मानेने उतरल्या.

मग एकेक जण जाऊन आला. कुणाचा एक कान निम्मा, कुणाचे दोन्ही पाऊण. शाळेत निकालाच्या दिवशी विचारतात तसे लोक एकमेकांना विचारत होते, तुझं किती आलं? श्रीदेवीचा उजवा खरंच डाव्यापेक्षा चांगला निघाला आणि तिने ते सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. ज्ञानबाचं मागच्यासारखंच आलं. त्याचं लहानपणी कान फुटल्यामुळे होतं, लूमचा काही संबंध नव्हता. लोकांनी त्याचं, एकटा प्रामाणिक म्हणून, कौतुक केलं. त्याला कौतुक कशाचं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडीत पुढचा माणूस पाठवायचं काम गौसकडे दिलं होतं. बेचाळिसावा उतरला तेव्हा संस्कृतीने यादीवरून नजर फिरवली.

"शेठ, तुमचं राहिलं की."

"माजं कशाला? मी आपला ऑफिसात, काचंच्या मागं."

"अर्जात तुम्हीच लिहिलंय. वडिलांच्या शेडमध्ये चौदाव्या वर्षापासून लूमवर उभा राहिलो, पंचवीस वर्षं. चांगलं अर्धं पान लिहिलंय."

माणसं हसली. श्रीदेवी म्हणाली, "बसा की शेठ, सुई टोचत न्हाईत." शेठ हसत हसत पायऱ्या चढले, खुर्चीत बसले, हेडफोन चढवला. पंचाक्षरींनी आपली जागा घेतली. गौसने बाहेरून दार ओढून घेतलं आणि काचेशी उभा राहिला.

शेठचं तोंड त्याच्याकडे होतं. शेठच्या खांद्यावरून मागे, खोलीच्या पलीकडच्या काचेत, पंचाक्षरी दिसत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या.

शेठचा हात मांडीवरच होता.

भुवया खाली आल्या. पुन्हा वर गेल्या, आधीपेक्षा जास्त. हात मांडीवरच.

शेठ फोन कधी घेत नसत, लिहून पाठव म्हणत. हिशेबाचं बोलायला व्यापारी आला की त्याला खिडकीसमोर, उजेडात बसवत. लूम नीट लागलाय का हे बघायला आले की ते लूमच्या अंगावर हात टेकवून उभे राहत, आणि गौसला वाटे, मालक आहेत, मायेने हात ठेवतात. आठ वर्षं ज्या माणसाला कळू नये म्हणून गौस जीव मुठीत धरून वागला होता, तो माणूस समोर बसून घामाघूम झाला होता.

शेठनी डोळे वर केले. काचेतून त्यांनी सरळ गौसकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आवाज न काढता, शेडमध्ये हलतात तसे.

"वाजलं का रं?"

गौसने बाजूला पाहिलं. संस्कृती श्रीदेवीशी बोलत होती. कुणाचं इकडे लक्ष नव्हतं. त्याने आपल्या भुवया जरा वर केल्या असत्या तरी पुरे होतं.

पंचाक्षरींच्या भुवया पुन्हा वर गेल्या.

"वाजलं," गौस ओठांनीच म्हणाला. "पन शेठ, हात खालीच ठेवा."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि हात मांडीवर ठेवून दिले.